खुर्च्या भिंतीला लाव

प्रिय पोरी,

रविवारी रात्री तू पाऊण तास फोनवर बोललीस आणि मी नुसतं हं हं करत बसलो, कारण तू रडत होतीस आणि रडणाऱ्या माणसाशी वाद घालू नये एवढी अक्कल मला साठीत का होईना आलीये. पण वाद घालायचा होताच. आता लिहून घालतो. आणि मराठीत घालतो, तुझ्या आईने दर सुट्टीत साताऱ्याला नेऊन तुझ्याकडून बाराखडी घोटून घेतली त्याचं काहीतरी चीज व्हायला नको? अडलीस तर तिला विचार. फक्त सगळं वाचून दाखवू नकोस, मध्ये थोडं माझं खाजगी आहे.

तर ग्रँडाच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, आठवणीच्या कार्यक्रमाचा तुझा प्लॅन मला जो कळला तो असा. हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा. समोर पडदा, त्यावर ग्रँडाचे फोटो. मग त्यांच्या जुन्या कॅसेटवरचं, खरखर काढून स्वच्छ केलेलं रेकॉर्डिंग. मग लाईट मंद आणि तू एकटी फिडल घेऊन उभी, अठराव्या शतकातल्या त्या फिडलवाल्या नील गाऊने दुसऱ्या बायकोच्या मरणावर बांधलेली ती संथ चाल वाजवणार. मग शांतता, मग चहा-बिस्किट. नाच नाही, कारण लोकांना कसं वाटेल. आणि ग्रँडाची पेटी कायमची हॉलच्या दाराशी काचेच्या कपाटात, खाली पितळी पाटी.

अगं ए. ज्या माणसाने पन्नासएक वर्षं त्याच हॉलमधल्या खुर्च्या स्वतः उचलून भिंतीला लावल्या, त्याच्या नावाने तू खुर्च्यांच्या रांगा मांडणार?

एक गोष्ट सांगतो आणि ती या पत्रात दहा वेळा सांगणारे. पायाकडे बघ. ग्रँडाने आयुष्यभर हे एकच शिकवलं. तू त्यांच्या मांडीवर वाढलीस आणि विसरलीस, मी बेळगावचा परका माणूस आणि माझ्या डोक्यातून ते जात नाही.

तुला माहितीये मी त्यांना कसा भेटलो, पण मी दरवेळी विनोदी करून सांगतो, खरं जरा वेगळं आहे. १९९४चा डिसेंबर. ॲबर्डीनला येऊन मला दोन वर्षं झालेली, ऑफिसमध्ये सगळे केली आहे, केली आहे म्हणत होते आणि मला वाटायचं काय केली, कोणी केली. शेवटी कळलं की नाच आहे. गेलो. भिंतीला टेकून संत्र्याचा ज्यूस धरून उभा, मनातून कधी एकदा घरी जातो असं झालेलं. स्टेजवर बँड होता, दोन अकॉर्डियन, फिडल, पियानो, डबल बेस, ड्रम्स, आणि मधल्या अकॉर्डियनवाल्याचं लक्ष कुठे होतं तर फ्लोअरकडे, सारखं खाली. मला वाटलं लाजाळू असेल. ब्रेकमध्ये तो माणूस सरळ माझ्याकडे चालत आला आणि म्हणाला, फिट लाइक? मला काही कळेना. मग म्हणाला, तुझा उजवा पाय मघापासून दुसरंच काहीतरी मोजतोय.

खरंच मोजत होता. ते मार्च वाजवत होते आणि माझा पाय त्यावर भजनी ठेका धरून बसला होता, मला पत्ताच नव्हता. चार महिने मी त्या ठेक्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. का ते पुढे सांगतो.

नंतर ग्रँडानेच समजावलं की त्यांच्या डोरिकमध्ये, म्हणजे ॲबर्डीनकडच्या बोलीत, 'फिट' म्हणजे काय, आणि 'फिट' म्हणजे पायसुद्धा. मी म्हटलं आमच्याकडे पण काय आणि पाय यांच्यात एका अक्षराचाच फरक आहे. हे त्यांना इतकं आवडलं की पुढे कित्येक वर्षं ते कुणालाही पकडून सांगायचे, चुकीच्या उच्चारात. आणि दुसरं म्हणजे ते अकॉर्डियनला बॉक्स म्हणायचे, सगळेच म्हणतात तिकडे, तुला त्यात काही विशेष वाटणार नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. माझे आजोबा बेळगावात विठ्ठल मंदिराच्या भजनी मंडळात हार्मोनियम वाजवायचे आणि आमच्या घरात कोणी कधी हार्मोनियम म्हटलं नाही, पेटी. पेटी काढ, पेटी झाक, पेटीवर बसू नको. आणि इथे सात समुद्रांपलीकडे एक लाल गालांचा शेतकरी म्हणतोय ये रविवारी, तुला माझी पेटी दाखवतो. (बॅगपाईपचं तर विचारूच नकोस. मराठा लाईट इन्फंट्रीचा पाईप बँड ऐकत मी लहानाचा मोठा झालो, स्कॉटलंडला येऊन पाईप ऐकले तर मला वाटलं हे आपलं वाद्य यांच्याकडे कसं काय.)

मग रविवार, रविवार, रविवार. मला वाटलेलं पेटी येते म्हणजे अकॉर्डियन येईलच. कसलं काय. हार्मोनियम समोर असते, पट्ट्या दिसतात. ही छातीवर उभी, बारा किलोची, डाव्या हाताला १२० बटणं जी दिसतच नाहीत. मी मान वाकडी करकरून उजव्या हाताच्या पट्ट्या बघायचो. तिसऱ्या रविवारी ग्रँडाने काही न बोलता किचनमधला भांडी पुसायचा टॉवेल आणला आणि कपड्यांच्या दोन चिमट्यांनी माझ्या पट्ट्यांवर लावून टाकला. निळ्या चौकडीचा, ओलसर, कांद्याचा वास येणारा. आता काय बघू, मी विचारलं. ते म्हणाले माझी बायको येरझाऱ्या घालतीये ना, तिच्या पायाकडे बघ आणि तिला चालता येईल असं वाजव.

तुझी ग्रॅनी तेव्हा धडधाकट होती. चालताना मुद्दाम मध्येच थांबायची, मला फसवायला.

आता तू म्हणशील काका, हे सगळं गोड आहे पण मी फिडलर आहे, मी ग्लासगोला चार वर्षं शिकत्ये, मला संगीत म्हणून पण काही कळतं. कळतं ना. तुझ्याइतकं मला सात जन्मांत कळणार नाही. पण तू जो नील गाऊ समोर धरत्येस तो काय होता बघ की. ती चाल त्याने १८०५च्या सुमारास बांधली, स्वतः अठ्ठ्याहत्तरीला आलेला, बायको गेलेली, तीस वर्षांहून जास्त संसार झालेला. बरोबर. पण त्याच्या आधी साठ वर्षं तो काय करत होता? नाचाला वाजवत होता. पर्थशरच्या बॉलरूममध्ये लोकांना दमवत होता. ती एक संथ चाल त्या सगळ्या नाचणाऱ्या रात्रींच्या वर ठेवलेली आहे, खालचं काढून घेतलंस तर ती हवेत लोंबकळेल. आणि स्कॉट स्किनर, १८४३ साली बँकरीजवळ जन्मलेला, स्ट्रॅथस्पेचा, म्हणजे त्या झटकेदार नाचाच्या चालींचा, राजा म्हणवून घेणारा, तो तर डान्सिंग मास्टरच होता, लोकांचे पाय कसे पडतात हे बघण्यावर त्याचं पोट होतं. हो, मला माहितीये, नंतर तो किल्ट घालून स्टेजवर एकट्याने वाजवायला लागला आणि लोक खुर्च्यांवर बसून ऐकायला लागले. हा मुद्दा तू काढणार म्हणून मीच काढला. तो एक मुद्दा तुझ्या बाजूचा आहे, घे. ग्रँडाने मला त्याची कबर दाखवायला ॲलनव्हेलला नेलं होतं, तिथे उभं राहून त्यांनी स्किनरला एवढंच म्हटलं की वाजवणं छान होतं, पण तुझ्या म्हातारपणी नाचणारे लांब गेले ना रे.

ग्रँडाचा खरा देव जिमी शँड. १९०८ ते २०००. फाईफच्या कोळशाच्या खाणीतून आलेला माणूस, त्याचं 'ब्लूबेल पोल्का' १९५५ मध्ये इंग्लंडातल्या पोरांच्या गाण्यांच्या यादीत जाऊन बसलं. त्याचे जुने व्हिडिओ बघ. चेहऱ्यावर माशी हलत नाही. लोक म्हणतात रुक्ष होता. ग्रँडा म्हणायचे रुक्ष कसला, तो मोजतोय, हॉलमध्ये कोण दमलंय, कोणाची बायको सुटली, कोणत्या कोपऱ्यातल्या सेटला पुढची फिगर आठवत नाहीये. नाच थांबला नाही पाहिजे आणि कोणी पडलं नाही पाहिजे, एवढंच वाजवणाऱ्याचं काम. शनिवारी संध्याकाळी गाडीत रेडिओवर 'टेक द फ्लोअर' लागलं की तुझ्या बाबाला आणि आत्याला ग्रँडा विचारायचे, हा बँड वाजवतोय तर तुम्हाला पाय दिसतायत का? दिसत असतील तर बँड चांगला. दिसत नसतील तर बंद कर.

तुझ्या प्लॅनमध्ये मला पाय दिसत नाहीत. मला फक्त पाठी दिसतायत.

बरं, तुला वाटत असेल काकांना नाचाचंच वेड. तसं नाहीये. पायाकडे बघ म्हणजे नाचाकडे बघ असं मीसुद्धा आधी समजायचो. २००३ मध्ये ग्रॅनीला स्ट्रोक झाला तेव्हा तुझा जन्म पण नव्हता, त्यामुळे हे तुला ऐकून माहीत असेल, पण मी पाहिलंय. डावा पाय ओढायची. फिजिओथेरपीवाली आठवड्यातून दोनदा यायची आणि सिंकपासून टेबलापर्यंत चालायला लावायची, ग्रॅनी चिडायची, रडायची, खुर्ची पकडून बसायची. मग एक दिवस ग्रँडाने पेटी गळ्यात घातली आणि मार्च सुरू केला, पण इतका हळू की मार्च म्हणून ओळखू येईना, आणि तिच्या पायाकडे बघत. पाय उचलला की सूर, टेकला की सूर, मध्ये अडकला तर भाता नुसता उघडा धरून थांबायचे. सूर तुटू द्यायचे नाहीत, लांबवत न्यायचे, तिचा पाय येईपर्यंत. सिंक ते टेबल किती, नऊ पावलं असतील. त्या नऊ पावलांना सुरुवातीला अख्खा पहिला भाग लागायचा, पुनरावृत्तीसकट. मार्च महिन्यापर्यंत अर्धा लागायला लागला.

त्या काळात त्यांनी चौदा महिने बाहेर एक कार्यक्रम घेतला नाही. लग्नं नाकारली, हॉटेलं नाकारली, थर्टी फर्स्टसुद्धा. मी तेव्हा सेकंड बॉक्सवर, नुकता कुठे हात बसत होता, आणि खरं सांगतो मी वैतागलो होतो. शनिवार रिकामे. मी एकदा म्हणालोसुद्धा की लोक दुसरा बँड धरतील, परत बोलावणार नाहीत. ते म्हणाले धरू देत, माझा नाच घरी चालू आहे.

मला तेव्हा त्याची लाज वाटली पाहिजे होती. वाटली नाही. आत्ता वाटते, लिहिताना.

आता ते खाजगी.

१९९३च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा नवीन टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो, चांगला, बाहेरचा माइक लावायची सोय असलेला. आजोबांची पेटी रेकॉर्ड करायची. मी इंजिनीयर, मला सगळं व्यवस्थित पाहिजे. मंडळातले चौघे आले होते टाळ घेऊन, मी त्यांना म्हटलं तुम्ही बाहेर बसा, टाळांनी पेटी ऐकू येत नाही. पखवाजवाले काका होते, त्यांना पण बाहेर. आजीच्या बांगड्या वाजत होत्या, तिला म्हटलं तू आत जा. पंखा बंद. खिडक्या बंद. आजोबा मला दोनदा म्हणाले, अरे पण मी कोणासाठी वाजवू? मी म्हटलं माइकसाठी. ते बिचारे माइककडे बघत वाजवत राहिले. मध्येच आतून आजीने हाक मारली, अहो, असं, दूध उतू जातंय की काय होतं, तर मी रेकॉर्डिंग थांबवलं, टेप मागे घेतली आणि त्यावरून परत घेतलं.

नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. अजून आहे. एकदम स्वच्छ. आजोबा घरात एकटे आहेत आणि एका यंत्रासमोर बसून वाजवतायत असं ऐकू येतं. ठेका नाही, टाळ नाही, कोणी 'वा' म्हणत नाही, कोणी विठ्ठल म्हणत नाही. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठलाच नाही. या कॅसेटवर एका ठिकाणी मी टेप थोडी कमी मागे घेतली होती त्यामुळे 'अ' एवढं राहिलंय. अहो मधला अ. मी ती जागा किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये आजोबा गेले. मी समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर होतो, दोन आठवड्यांच्या पाळीचा चौथा दिवस. वडिलांनी ऑफिसला फोन केला, ऑफिसने वर कळवलं. आता बघ, तेव्हा परिस्थिती काय होती, नोकरीला दोन वर्षंपण पूर्ण नव्हती, व्हिसा कंपनीच्या हातात, हेलिकॉप्टरची सीट मागितल्याशिवाय मिळत नाही, त्यात समुद्रावर धुकं आलेलं, ॲबर्डीनला ज्याला हार म्हणतात ते, दोन दिवस उड्डाणं बंद होती. मुंबई गाठून बेळगावला जाईपर्यंत तसंही सगळं आटपलं असतं. तेराव्याला पोचलो असतो फार तर. आणि वडीलच म्हणाले येऊ नकोस. हे सगळं खरं आहे. तीस वर्षं मी हेच सांगत आलोय आणि यातलं एक अक्षर खोटं नाही. फक्त मी सीट मागितली नव्हती. धुकं दुसऱ्या दिवशी आलं.

तर त्या डिसेंबरात जो माणूस भिंतीला टेकून उभा होता तो हा. आणि त्याचा पाय बघून ज्याने ओळखलं की हा कुठला तरी ठेका दाबून धरून उभा आहे, ते तुझे ग्रँडा. म्हणून मी तुझ्यावर चिडतोय. तू माझीच कॅसेट परत करायला निघाल्येस, फक्त हॉलच्या साईझची.

ग्रँडाच्या कपाटात साठएक कॅसेट आहेत ना, त्यांचं डिजिटायझेशन कर, नक्की कर, मी पैसे देतो. पण साफ करू नकोस. एक सेकंद कापू नकोस. त्यांत ग्रॅनी खोकते, कुत्रा भुंकतो, तुझा बाबा लहानपणी चिप्स मागतो, कोणीतरी दार आपटून जातं. एडिनबर्ग युनिव्हर्सिटीत १९५१ मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं तेव्हा त्या लोकांनी जड जड मशीन्स उचलून खेड्यापाड्यात नेली आणि लोकांच्या घरात, चुलीशेजारी बसून गाणी घेतली, स्टुडिओत बोलावून नाही. ते आता नेटवर आहे, टोबर अन दुआल्खिस, तुला कॉलेजात दाखवलंच असेल. ऐकताना गाण्याच्या मागचं घर ऐक. मला हे १९९३ला कोणी सांगितलं असतं तर. सांगितलं होतं म्हणा, आजोबांनीच विचारलं होतं ना, कोणासाठी वाजवू.

आता पेटी. काचेच्या कपाटात पेटी ठेवायची कल्पना ज्याची असेल त्याला माझ्याकडे पाठव. आत ज्या सूर काढणाऱ्या पोलादी पट्ट्या असतात त्या मेणाने बसवलेल्या असतात, त्यांना चामड्याच्या बारीक झडपा असतात. न वाजवता ठेवली की मेण सुकतं, झडपा वळतात, भात्याला वास येतो. दहा वर्षांनी कपाट उघडशील तर आतून दम्याच्या पेशंटसारखा आवाज येईल. आमच्या बेळगावच्या पेटीचं हेच झालं, 'आठवण' म्हणून माळ्यावर ठेवली, उंदरांनी भाता खाल्ला. तर पेटी माणसाच्या छातीवर पाहिजे. कोणाच्या, हा प्रश्न आहे. तू फिडलर. तुझ्या भावाला इंटरेस्ट नाही. आता मी जे म्हणतोय त्यात माझा स्वार्थ आहे हे मी आधीच कबूल करतो म्हणजे तुझी आई नंतर म्हणायला नको. त्या रात्री ती पेटी मला वाजवायची आहे. एक रात्र. मग तुम्ही ठरवा काय ते. पण माझ्या वयाकडे बघता लवकर ठरवा.

आणि ते तुझं मुख्य रडगाणं, की मला ग्रँडासारखं वाजवता येत नाही. नाहीच येत. कोणाला येतं? तुझा स्ट्रॅथस्पे ऐकला मी नाताळात. ते जे आखूड-लांब, आखूड-लांब झटके असतात ते तू इतके रेखीव मारतेस की कागदावर छापल्यासारखे वाटतात. सुंदर वाटतात. पण त्यावर पाय टाकला तर घसरेल. ग्रँडा काय करायचे आठव, तोंडाने म्हणून दाखवायचे, डिडलिंग, डिडल डाय डम, आधी तोंडात आलं पाहिजे मग बोटात. आमचा तबलजी बोल म्हणतो तेच, धा धिं धिं धा. तोंडाने म्हटलं की श्वास लागतो, श्वास लागला की चाल माणसाची होते. तू लहान असताना अख्खा अख्खा रील तोंडाने म्हणायचीस, गाडीत, माझं डोकं उठायचं. आता का नाही म्हणत? कॉलेजात लाज वाटते?

आणि तुझी जिग. घरात प्रत्येक पोराच्या जन्माला ग्रँडाने एक चाल बांधली, तुझी जिग आहे, तीन शार्पची, तुझ्या नावाची. दुसऱ्या भागात ती एकदम वर उडी मारते कारण तू पाळण्याचा कठडा धरून उड्या मारायचीस, हे त्यांनी मला सांगितलंय. तू ती कुठे वाजवत नाहीस, म्हणतेस साधी आहे, बाळबोध आहे. बाळासाठीच होती ना ती? स्ट्रिप द विलो नाचाला जिगच लागतात. ही पहिली लाव. शेवटी हॉलमधली ऐंशी माणसं तुझ्या नावावर एकमेकांना गरागरा फिरवतील, तुझं नाव त्यांना माहीत पण नसेल की हे ते, चालेल.

तू म्हणालीस लोकांना कसं वाटेल, मयत झालंय आणि नाच. मला पण आधी विचित्र वाटायचं, आपल्याकडे सुतक, तोरण नाही, गोडधोड नाही. पण दफनाच्या दिवशी आठव. शवपेटी खाली सोडायला आठ दोऱ्या होत्या, प्रत्येकाच्या हातात नंबराचं कार्ड. मला सहावी मिळाली, नात्यातला नसून, मी ते कार्ड पाकिटात ठेवलंय. एक नंबर डोक्याकडची, तुझ्या बाबाला. दोन नंबर पायाकडची. ती त्यांनी स्वतः यादीत तुझ्या नावावर लिहून ठेवली होती, तुझ्या आत्याच्या नावावर नाही, ती जरा नाराज पण झाली. तू डोळे मिटून दोरी सोडत होतीस. मी बघत होतो.

तर प्रोग्रॅम असा. खुर्च्या भिंतीला. पहिला गे गॉर्डन्स, कारण तो पाच वर्षांच्या पोरालाही येतो आणि ज्याला येत नाही तो पण ओढला जातो. मग डॅशिंग व्हाईट सार्जंट, तिघातिघांचा, म्हणजे जे जोडीशिवाय आलेत ते भिंतीला राहत नाहीत, विधवा, विधुर, माझ्यासारखे. मग सेंट बर्नार्ड्स वॉल्ट्झ, म्हाताऱ्यांना श्वास घ्यायला. मग जेवण. नील गाऊ तुला वाजवायचाच आहे तर इथे वाजव, लोक ताटात स्टोव्हीज आणि ओटकेक घेऊन उभे असताना, काट्याचमच्यांच्या आवाजात. नाक मुरडू नकोस. ते आपोआप गप्प होतील, आणि झाले नाहीत तर तेही बरं. मग स्ट्रिप द विलो, तुझी जिग. आणि शेवटाआधी एटसम रील. पूर्ण. चाळीस बार, मग आठ वेळा अठ्ठेचाळीस, मग परत चाळीस, ४६४ बार, कोणी कितीही म्हणालं तरी एकही कमी नाही. आठांतला एकेक जण मध्ये उभा राहतो आणि बाकी सात त्याच्याभोवती हात धरून फिरतात. मी माझ्या आईला फोनवर समजावून सांगितलं होतं तर ती म्हणाली, म्हणजे झिम्माच की, पुरुष पण खेळतात होय.

वाजवताना डोळे मिटायचे नाहीत. तो तुझा कॉलेजातला नवीन प्रकार आहे, डोळे मिटून मान हलवायची. पायाकडे बघ. तुझ्या आत्याचा गुडघा बघ, तो दुखायला लागला की ती डाव्या पायावर भार देते, तेव्हा टेम्पो एक चिमूट खाली घे, तिला कळता कामा नये. तुझी आई दाराशी उभी राहील, किचनचं निमित्त करून, तिचा पाय हलतोय का बघ. तुझा बाबा बहुतेक नाचणार नाही. त्याचे बूट बघ. एका जागी रुतल्यासारखे असतील तर पुढचा सेट लांबव, दोनदा, तीनदा, बँडला मी खूण करतो. तो कधीतरी येईल फ्लोअरवर.

शनिवारी साडेचारला हॉलवर ये. किल्ली माझ्याकडे आहे. खुर्च्या शंभरच्या वर आहेत आणि माझी पाठ गेलीये, तर भावाला घेऊन ये, त्याला म्हणावं इंटरेस्ट नसला तरी हात आहेत ना. स्टोव्हीज तुझी आई करत्ये, बीटरूट मी आणतो. फ्लोअरवर टाकायची पावडर संपलीये, वाटेत मिळाली तर घे. आणि दफनाला घातलेले ते टाचांचे बूट आणू नकोस, सपाट घाल, तुला पण एखादा नाच करावा लागेल, तेवढा वेळ फिडलशिवाय आम्ही ओढू.

तुझा,
काका